सनद हातात येईपर्यंत: रत्नागिरीतून एलएलबी आणि वकिली नीतिमत्तेचा पेपर

‘प्रोफेशनल एथिक्सचं काय एवढं, आदल्या रात्री वाचला तरी सुटतो,’ हे लॉ कॉलेजच्या पहिल्या आठवड्यापासून कानावर येतं. ज्यांना पुढे कोकणातल्या तालुक्याच्या कोर्टात उभं राहायचं आहे, त्यांनी ते मनावर घेऊ नये. मोठ्या शहरात अशील बहुधा अनोळखी असतो. आपल्याकडे तो भावकीतला निघतो, समोरचा पक्षकार शाळेतला वर्गमित्र निघतो आणि साक्षीदार शेजारच्या वाडीतला. कोणाचं काम घ्यायचं, कोणाचं नाकारायचं, कोणाचे पैसे कुठे लिहायचे, हे प्रश्न इथे पहिल्याच दिवशी दारात येऊन उभे राहतात. ऑगस्ट 2022 ची प्रवेशाची सीईटी ते 30 नोव्हेंबर 2025 ची ऑल इंडिया बार एक्झामिनेशन (सनदेनंतर वकिली चालू ठेवायला द्यावी लागणारी परीक्षा), एवढ्या काळात काय कधी करावं लागलं, कुठे अडतं आणि किती खर्च येतो, ते ओळीने लिहिते. नीतिमत्तेच्या पेपरावर जास्त लिहिलं आहे, कारण त्यावर मराठीत फार कमी सांगितलं जातं.

प्रवेशाचं थोडक्यात. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या गटाला पदवीत 45 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 40. त्या वर्षीची सीईटी 150 प्रश्नांची होती, वेळ 2 तास. त्यातले 50 प्रश्न इंग्रजीचे होते आणि मराठी माध्यमातून आलेल्यांचे गुण तिथेच जातात. पुढे प्रश्न 120 झाले, पण इंग्रजीचा वाटा सर्वात मोठाच राहिला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सीईटीनंतर प्रवेशफेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी, पुन्हा फेरी, असं करत वर्ग सुरू होईपर्यंत दिवाळी उलटली. नॉन-क्रीमी लेअर, अधिवास आणि जात वैधता ही प्रमाणपत्रं सीईटीच्या आधीच काढून ठेवा. प्रवेशफेऱ्यांच्या दिवसांत सेतू कार्यालयात रांग असते आणि तिथे गेलेले आठ दिवस परत मिळत नाहीत.

आता हजेरी. बार कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था. तिच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे प्रत्येक विषयात 70 टक्के उपस्थिती लागते, आणि मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटीचा खटला), प्रात्यक्षिकं यांनाही हाच नियम आहे. अपवादात्मक कारणाने एखाद्या विषयात 65 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, पण सगळ्या विषयांची मिळून 70 भरावीच लागते. वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच घ्यायचे असतात, त्यामुळे ‘रात्रीचं लॉ कॉलेज’ ही समजूत काढून टाका. लांजा, राजापूर, देवरूखकडून एसटीने येणाऱ्यांचं गणित जुलै-ऑगस्टमध्ये बिघडतं. रस्ता बंद, गाडी रद्द, आणि हजेरीपटावर मात्र नुसती गैरहजेरी. पावसामुळे चुकलेल्या दिवसांची तारीखवार नोंद वहीत ठेवा आणि त्याच आठवड्यात अर्ज द्या. सत्राच्या शेवटी एकगठ्ठा दिलेल्या अर्जाला वजन राहत नाही. दोन नियमित पदव्या एकाच वेळी करता येत नाहीत, हेही प्रवेशाआधीच ध्यानात घ्यावं.

पुस्तकांबद्दल एकच सांगणं आहे. गाईड नंतर घ्या, बेअर अॅक्ट (टीका-टिपांशिवाय कायद्याचा नुसता मूळ मजकूर) आधी. पहिल्या वर्षी बेअर अॅक्टवर साधारण 1,400 रुपये गेले आणि तो या तीन वर्षांतला सर्वात सार्थकी लागलेला खर्च. कलम आधी मूळ शब्दांत वाचायचं, मग शेजारी पेन्सिलने स्वतःच्या मराठीत दोन ओळी लिहायच्या. मात्र एक प्रत कोरी ठेवा. बार एक्झामला टिपा नसलेलाच बेअर अॅक्ट नेता येतो, आणि तेव्हा नवी प्रत घ्यायची वेळ अनेकांवर येते.

आमच्या तुकडीला मध्येच एक मोठा बदल पार करावा लागला. पहिल्या दोन वर्षांत भारतीय दंड संहिता शिकलो आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. घाबरायला झालं, खोटं कशाला सांगू. उपाय साधा निघाला. पाठकोऱ्या कागदांवर तीन रकाने आखले: जुनं कलम, नवं कलम, काय बदललं. रोज 20 कलमं. कोर्टात जुने खटले जुन्याच कलमांनी पुढे चालतात, त्यामुळे दोन्ही आकडे डोक्यात असावे लागतात. हा तक्ता नीतिमत्तेच्या पेपरालाही उपयोगी पडला. वकील आणि अशील यांच्यातल्या गुप्ततेचं साक्षीपुरावा कायद्यातलं कलम 126 आता साक्ष्य अधिनियमात 132 आहे. बार कौन्सिलचा नियम 17 जुन्या कलमाचा आकडा सांगतो, म्हणून उत्तरात दोन्ही लिहावेत.

इंटर्नशिपबद्दल सावकाश सांगते, कारण शेवटच्या वर्षी सर्वांत जास्त धावपळ तिच्यापायी होते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान 12 आठवडे लागतात, आणि एका शैक्षणिक वर्षात सलग 4 आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणजे हे काम दरवर्षी 4 आठवडे असंच बसवावं लागतं. शेवटच्या वर्षी 12 आठवडे एकदम उरकता येत नाहीत. बरेच जण मे महिना धरून ठेवतात आणि तिथेच फसतात. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) रिकामा, साक्षीपुरावा बंद, वकील गावी आंब्याच्या कामात. गणपती आणि दिवाळी यांचेही आठवडे वजा करा. उरतात ते दिवस म्हणजे जानेवारी ते एप्रिल आणि पावसाळ्याचा मधला काळ. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात 4 आठवडे जरूर करा. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तिथे रोज अमलात येताना दिसतं. शिवाय राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधीचे पंधरा दिवस समजुतीच्या बैठका बघायला मिळतात.

मूट कोर्ट आणि इंटर्नशिपचा पेपर बार कौन्सिलच्या आराखड्यात असा विभागलेला आहे: तीन मूट प्रत्येकी 10 गुणांचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून केलेल्या नोंदींना 30, अशिलाच्या मुलाखती व दावा दाखल करण्याची तयारी पाहून लिहिलेल्या डायरीला 30, तोंडी परीक्षेला 10. मूटच्या 10 गुणांत 5 लेखी निवेदनाला असतात आणि मुलं ते शेवटच्या रात्री लिहितात. मसुदालेखनाच्या पेपराला 15 मसुदे आणि 15 दस्तऐवज, प्रत्येकी 3 गुणांचे, असे 90 गुण नुसत्या वहीवर आहेत. दर शनिवारी एक मसुदा लिहिला तरी दोन सत्रांत काम होतं.

खटला निवडताना असा निवडा की चार-सहा महिन्यांत त्यात काहीतरी घडेल. वाटपाचा दावा बघायला घेतला आणि वारसांना समन्स लागण्यातच वर्ष गेलं, असं हमखास होतं. अर्धे वारस मुंबईत, दोघे मयत, त्यांचे वारस रेकॉर्डवर घ्यायचे अर्ज पडलेले. त्यापेक्षा निशाणी (कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक) 5 च्या मनाई अर्जावर युक्तिवाद लागलेला दावा घ्या किंवा साक्षीपुरावा सुरू झालेला. फौजदारीत चेक न वटल्याचा खटला विद्यार्थ्याला समजायला सोपा जातो. मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये खटल्याचा 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख कळते, फुकटची फेरी वाचते. डायरीत ‘आज कोर्टात गेले, कामकाज पाहिले’ असं लिहू नका. तारीख, कोर्ट, खटल्याचा टप्पा, कोणता अर्ज, कोणती निशाणी, समोरच्याने काय ‘से’ (लेखी म्हणणं) दिला, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) काय आलं, आणि त्यातून कायद्याचा कोणता मुद्दा कळला, एवढं अर्ध्या पानात बसतं. पक्षकारांची नावं लिहू नका, आद्याक्षरं पुरतात. ज्या वकिलांकडे बसता त्यांच्याकडून सही त्याच आठवड्यात घ्या. तीन महिन्यांनी 40 पानांवर एकदम सह्या मागायला गेलं की त्यांनाही अवघडल्यासारखं होतं, आणि शंका घेतली गेली तर ती रास्तच असते.

नीतिमत्तेच्या पेपराचा अभ्यास शेवटच्या वर्षी परीक्षेच्या आठ आठवडे आधी धरला. साहित्य पाच ढिगांत वेगळं केलं: अॅडव्होकेट्स अॅक्ट 1961, बार कौन्सिलच्या नियमांतला भाग 6 प्रकरण 2 (वकिलाने कसं वागायचं याचे नियम), न्यायालय अवमान कायदा 1971, निवडक निकाल, आणि वकिलाचे हिशेब. पहिले दोन आठवडे फक्त कायदा. कलम 24 (कोण वकील होऊ शकतो) आणि 24-अ (कोण नाही) यांत गोंधळ होतो, म्हणून ती दोन एकाच पानावर समोरासमोर लिहिली. मग शिस्तभंगाची शिडी. राज्य बार कौन्सिलकडे तक्रार, सकृतदर्शनी तथ्य वाटलं तर कलम 35 खाली शिस्तपालन समितीकडे. समिती तिघांची. शिक्षा चार प्रकारच्या: तक्रार फेटाळणं हा एक मार्ग सोडला तर समज देणं, ठरावीक काळ सनद निलंबित करणं, आणि नाव पटावरून कमी करणं. वर्षभरात निकाल झाला नाही तर कलम 36-ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. अपील कलम 37 खाली तिकडेच, 60 दिवसांत. त्यावर कलम 38 खाली थेट सर्वोच्च न्यायालय, पुन्हा 60 दिवस.

वरच्या परिच्छेदात मीच एक चूक मुद्दाम राहू दिली आहे, कारण उत्तरपत्रिकांत ती नेमकी अशीच येते. फेटाळणं ही शिक्षा नाही. कलम 35(3) मध्ये समितीला चार आदेश करता येतात, त्यातल्या शिक्षा तीनच. ‘शिक्षेचे चार प्रकार’ असं लिहिलं की गुण जातात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मध्ये उच्च न्यायालय घुसडणं. या शिडीत अपिलाची पायरी म्हणून ते कुठेच नाही. तिसरी, ‘गैरवर्तणुकीची व्याख्या अमुक कलमात आहे’ असं लिहिणं. कायद्यात ती व्याख्या नाही. कलमाचे शब्द ‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तणूक’ असे आहेत, म्हणून कोर्टाबाहेरचं वागणंही त्यात येऊ शकतं, आणि त्याची हद्द निकालांतून कळते.

नियमांचा भाग आकड्यांसकट पाठ करायला घेतला आणि आठवडाभरात काहीच डोक्यात राहिलं नाही. मग प्रत्येक नियमाला इथलंच एक उदाहरण जोडलं. तो आठवडा सगळ्यात उपयोगाचा ठरला, म्हणून ती उदाहरणं देते.

महामार्गात बागेची जमीन गेली, मोबदला वाढवून घ्यायचा आहे, अशील म्हणतो ‘वकीलसाहेब, मिळेल त्यातले दहा टक्के तुमचे.’ नियम 20: निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळकतीत वाटाही घेता येत नाही. घर आणि कलमांची बाग थोरल्या भावाच्या नावावर, त्याची नोटीस आपण लिहून दिली, महिन्याने धाकटा वकीलपत्र घेऊन आला. नियम 33: एकदा ज्याचं काम केलं त्याच्या विरुद्ध बाजूने त्याच वादात उभं राहता येत नाही. जमीनमालक मुंबईत, गावातला चुलतभाऊ येऊन सांगतो ‘तडजोड करून टाका, मी त्याच्याशी बोलतो.’ नियम 19: अशील किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस, यांच्याखेरीज कोणाच्या सांगण्यावरून काही करायचं नाही. चाकरमान्यांच्या जमिनींच्या वादात हा नियम पावलोपावली लागतो. मच्छीमार सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर आपण सभासद आहोत आणि सोसायटीचाच दावा आला. नियम 8: तिच्या बाजूनेही उभं राहता येत नाही, विरुद्धही नाही. दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बागेचा लिलाव लागला, भाव पडलेला, वकिलाने मेव्हण्याच्या नावावर बोली लावली. नियम 22 तेही अडवतो, कारण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने असं त्यातच लिहिलं आहे. न्यायाधीश नात्यातले असले तर त्यांच्यासमोर उभं राहता येत नाही, नियम 6. त्यातली नात्यांची यादी लांबलचक आहे, काका-मावशीपासून जाऊ-मेव्हण्यापर्यंत. आणि पक्षकाराशी नातं असेल तर नियम 14: काम घेतानाच मोकळेपणाने सांगायचं. आपल्याकडे नातं नाही असा पक्षकार शोधावा लागतो, म्हणून हा नियम मी पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

वकिलाने जाहिरात करायची नाही, हा नियम 36 हमखास येतो. गणेशोत्सवात नाक्यावर फोटोसह ‘ॲड.’ लावलेला शुभेच्छांचा फलक, व्हॉट्सअॅपवर ‘सर्व प्रकारची दिवाणी-फौजदारी कामे केली जातील’, ही उदाहरणं उत्तरात घातली तरी चालतात. 2008 पासून संकेतस्थळाला मुभा आहे, पण नाव, पत्ता, संपर्क, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, हा नियम 49 आपल्याकडच्या अनेक शिक्षक-विद्यार्थ्यांना लागू होतो. नोकरीत राहून एलएलबीची पदवी घेणं वेगळं आणि सनद घेऊन वकिली करणं वेगळं.

निकाल फार नकोत. दहा-बारा घट्ट करा, प्रत्येकाचं एक वाक्य तोंडात असावं. दाभोळकर प्रकरण (1975 आणि 1976) आधी घ्या. मुंबईच्या फौजदारी कोर्टांबाहेर पक्षकार ओढण्याच्या तक्रारींवरून ते निघालं आणि शिस्तभंगाच्या प्रकरणात राज्य बार कौन्सिलही ‘बाधित व्यक्ती’ म्हणून अपील करू शकते हे त्यात ठरलं. खांडेकर प्रकरण (1984) महाराष्ट्रातलंच. चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत फरक आहे, नुसती चूक म्हणजे गैरवर्तणूक नव्हे, हा त्याचा गाभा. सक्सेना प्रकरण (2000): फी थकली म्हणून अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही. हरीश उप्पल (2003): वकिलांना संपाचा हक्क नाही. सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार (1998): अवमानाच्या अधिकारात सर्वोच्च न्यायालय थेट सनद निलंबित करू शकत नाही, ते काम बार कौन्सिलचं. 1995 च्या विनयचंद्र मिश्रा प्रकरणात तसं निलंबन केलं होतं, म्हणून ही दोन नावं नेहमी जोडीने लिहा. एकट्या मिश्रा प्रकरणावर थांबलेलं उत्तर जुनं ठरतं.

अवमान कायद्यातल्या आकड्यांवर एक-दोन गुणांचे प्रश्न येतात. कलम 12 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 20 प्रमाणे अवमानाची कारवाई सुरू करायची मुदत 1 वर्ष. 2006 च्या दुरुस्तीनंतर, सार्वजनिक हित आणि प्रामाणिक हेतू असेल तर सत्य हा बचाव होऊ शकतो, कलम 13.

हिशेबाचा भाग वाणिज्य शाखेच्या मुलांना सोपा वाटतो आणि बाकीचे तो सोडून देतात. दोघांचंही चुकतं, कारण इथे जमाखर्चाइतकंच नियम 25 ते 31 यांना महत्त्व आहे. समजा अशिलाने 15,000 रुपये दिले. पावतीवर लगेच लिहायचं: फी 10,000, खर्चासाठी 5,000. कोर्ट फी स्टँप, टायपिंग, नकला, बेलिफाचा खर्च मिळून 3,200 लागले. उरले 1,800. ही रक्कम ‘फीत धरली’ असं परस्पर लिहिता येत नाही. अशिलाची लेखी संमती हवी, नियम 26. कोर्टात अशिलाच्या वतीने पैसे मिळाले तर लवकरात लवकर कळवायचं, नियम 27. अशिलाचे पैसे कर्जाऊ घेतले असं दाखवता येत नाही, नियम 31. उत्तरात रोकडवही आखताना फी आणि खर्च यांचे रकाने वेगळे दाखवा आणि खाली नियमाचा आकडा लिहा.

प्रसंगावरचे प्रश्न सोडवायची माझी रीत अशी होती. पहिल्या दोन ओळींत वाद कशाचा ते. मग नियम आणि त्याचे शब्द. मग प्रसंगातली नेमकी कोणती गोष्ट त्या शब्दांत बसते. मग एक निकाल. शेवटी तक्रार कुठे जाईल आणि काय आदेश होऊ शकतो. दहा गुणांना दोन-अडीच पानं पुष्कळ. वकिली हा कसा उदात्त व्यवसाय आहे यावर पहिलं पान भरलं की वेळ संपतो. तोंडी परीक्षेत आपल्याच डायरीतल्या खटल्यावर विचारतात. ‘त्या वकिलांनी तारीख का मागितली? ते योग्य होतं का?’ अशा प्रश्नांना प्रामाणिक उत्तर द्यावं, माणसाचं नाव न घेता.

शेवटच्या सत्राची परीक्षा मे 2025 मध्ये झाली, निकाल जुलैच्या अखेरीस लागला. लगेच सनदेची तयारी. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं कार्यालय मुंबईत उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग मूळ कागद दाखवायचे. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, एलएलबी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, आधीची पदवी, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, कोट-बँडमधले (बँड म्हणजे वकिलाची गळ्यातली पांढरी पट्टी) फोटो, आणि नोकरीत नसल्याचं व फौजदारी प्रकरणं नसल्याचं प्रतिज्ञापत्र. कोट, शर्ट, दोन बँड मिळून 3,200 रुपये लागले.

बायकांनी एका गोष्टीकडे आधीच बघावं, ते म्हणजे नाव. पदवी माहेरच्या नावाने, एलएलबी सासरच्या, आधारवर तिसरंच काही, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच तयार ठेवा. आईचं नाव कुठे आहे, कुठे नाही, स्पेलिंगमधलं एखादं अक्षर, हेही तपासा. माझे यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या वर्षीच काढून ठेवलं असतं तर एक मुंबई फेरी वाचली असती.

फीबद्दल स्पष्ट माहिती असू द्या. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 24 मध्ये नोंदणी शुल्क राज्य कौन्सिलला 600 आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150, म्हणजे 750 रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींना 100 आणि 25, म्हणजे 125. 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्य कौन्सिलांना नोंदणीसाठी यापेक्षा जास्त घेता येणार नाही, मुद्रांक शुल्क असेल तर तेवढं वेगळं. त्याआधी अनेक राज्यांत हजारो रुपये भरावे लागत. गरीब घरातल्या मुलांसाठी हा निकाल फार मोठा आहे, आणि तो तोंडपाठ असावा, कारण एथिक्सच्या पेपरातही तो येण्यासारखा आहे.

मुंबईची फेरी अशी आखा: रत्नागिरीहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, तिथून चालत कार्यालय, आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं. गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. 27 ऑगस्टला चतुर्थी होती आणि त्याआधी कोकणात येणाऱ्या एकाही गाडीत जागा नव्हती. फेरी सप्टेंबरवर गेली. सनद मिळाली तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता.

बार एक्झामचे फॉर्म ऑक्टोबरअखेरपर्यंत भरायचे होते, म्हणून थोडक्यात साधलं. शुल्क खुल्या आणि ओबीसी गटाला 3,500, अनुसूचित जाती-जमातींना 2,500. 100 प्रश्न, गुण कापत नाहीत, उत्तीर्ण व्हायला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. मराठीतून देता येते, पण कायद्याचे मराठी प्रतिशब्द कॉलेजात इंग्रजीतून शिकलेल्यांना अडतात, तेव्हा नमुना पाहूनच भाषा निवडा. गुणांची वाटणी बघून अभ्यास करा: संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया प्रत्येकी 10, न्याय संहिता, साक्षीपुरावा, कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्ता गट प्रत्येकी 8. व्यावसायिक नीतिमत्तेला 4. ते चार वरच्या तयारीवर सहज येतात. बेअर अॅक्ट नेता येतो म्हणून गाफील राहू नका. प्रत्येक कलम शोधत बसलं तर वेळ पुरत नाही. पुस्तकांना रंगीत चिठ्ठ्या लावून नुसतं प्रकरण उघडायचा सराव करा.

आता उच्च न्यायालयाचं काम पाहायला मुंबईच गाठायला हवी असं नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्यात येतात. आंबा घाटातून सकाळची एसटी धरली तर दिवसभराचं काम बघून रात्री घरी येता येतं. अपिलाच्या वकिलांकडे एकदा तरी इंटर्नशिप करणं नियमाने बंधनकारक आहे, ती आता तिथे करता येईल. सोबत हजेरीचं पत्र आणि डायरी न्या, आणि बोर्ड आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा.

टेबलावर सध्या एक लांब वही आहे, डाव्या पानावर फी, उजव्या पानावर खर्च. पहिली नोंद 6,000 रुपयांची: फी 4,500, खर्च 1,500. त्यातले 640 उरले आहेत, ते अशिलाला परत द्यायचे आहेत.